वर्गवृत्त, साप्ताहिक

शाळेतील एखाद्या वर्गात आठवडाभरात काय शिकविले गेले, पुढील आठवड्यात काय शिकविले जाणार आहे आणि त्याला जोडून घरी काय करता येईल, यांविषयी वर्गशिक्षकाने पालकांना व विद्यार्थ्यांना ठराविक दिवशी दिलेली थोडक्यातील माहिती म्हणजे साप्ताहिक वर्गवृत्त होय. हे वृत्त कागदावर लिहिलेले, फळ्यावर मांडलेले, भ्रमणध्वनीवरून पाठविलेले किंवा केवळ तोंडी सांगितलेलेही असू शकते. मराठीत या प्रकाराला एकच सर्वमान्य नाव नाही. म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘वर्गवृत्त’ ही संज्ञा सोयीसाठी वापरली आहे. प्रगतिपत्रकापासून ते मुख्यतः काळाच्या दृष्टीने वेगळे ठरते. प्रगतिपत्रक होऊन गेलेल्या अभ्यासाचा निकाल सांगते, तर वर्गवृत्त चालू अभ्यासाची वार्ता देते. म्हणजे पालकाला काही करता येण्याजोगे असते तेव्हाच ते त्याच्या हाती पडते. पालकसभेहून त्याचा विशेष असा, की त्यासाठी पालकाला शाळेत यावे लागत नाही. ज्या भागात सभेच्या दिवशी मजुरी बुडते, त्या भागात हा फरक किरकोळ नाही.

पूर्वपीठिका : शाळा आणि घर यांच्यातील लेखी व्यवहार महाराष्ट्रात जुना आहे, परंतु तो बव्हंशी एकमार्गी राहिला. प्रगतिपुस्तकावर पालकाची सही किंवा अंगठा घेऊन ते परत आणणे, शुल्काची वा गैरहजेरीची सूचना देणे आणि क्वचित ‘पालकांना घेऊन या’ असा निरोप पाठविणे, एवढ्यावर तो सामान्यतः थांबत असे. शाळेतून चिठ्ठी आली, याचा घरात घेतला जाणारा अर्थ त्यामुळे ठरून गेला : मुलाने काही आगळीक केली असावी किंवा काही पैसे भरावयाचे असावेत. ज्या पालकांचे स्वतःचे शिक्षण अर्धवट सुटले होते, त्यांच्या मनात शाळेविषयी असणारा संकोच अशा चिठ्ठ्यांनी अधिकच वाढविला. वर्गवृत्ताचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. कारण नव्या स्वरूपाचा कागददेखील प्रथम जुन्या कागदासारखाच वाचला जातो.

पालक हा शिक्षणातील भागीदार आहे आणि त्याच्याशी नियमितपणे बोलले पाहिजे, हा विचार मराठीत बालशिक्षणाच्या चळवळीने रुजविला. भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी मराठीत शिक्षणपत्रिका चालविली. तिच्यात शिक्षकांइतकेच मातापित्यांना उद्देशून लेखन असे. पुढे बोर्डी (१९४५) व नंतर कोसबाड (१९५७) येथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी वस्त्यांत जे काम केले, त्यात छापील मजकुराला फारसा वाव नव्हता. मूल शाळेत येत नसेल, तर शाळाच वस्तीवरील अंगणात न्यावी, या पद्धतीत आईबापांच्या डोळ्यांदेखत शिकविणे घडे आणि तेच पालकांसाठी वृत्त ठरे. पालकाला वाचता येते हे गृहीत न धरता त्याला माहिती कशी द्यावी, याचा महाराष्ट्रातील हा आरंभीचा आणि आजही उपयुक्त असा धडा आहे.

पाश्चात्त्य देशांत हाच विचार संस्थात्मक मार्गाने पुढे गेला. अमेरिकेत १८९७ मध्ये ॲलिस बर्नी व फीबी हर्स्ट यांच्या पुढाकाराने मातांची राष्ट्रीय परिषद वॉशिंग्टन येथे भरली व तीतून पुढे राष्ट्रीय पालक-शिक्षक संघटना उदयास आली. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाविषयीच्या प्लाउडन समितीने १९६७ च्या अहवालात प्रत्येक शाळेने पालकांच्या बाबतीत पाळावयाचा एक किमान कार्यक्रम सुचविला. शिक्षकाशी खाजगी भेट, खुले दिवस, शाळेची माहिती देणारी पुस्तिका आणि मुलाविषयीचा लेखी अहवाल यांचा त्यात समावेश होता. फ्रान्समध्ये मात्र सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातील शिक्षकाने वेगळीच वाट धरली. त्याने १९२४ च्या सुमारास वर्गात एक लहान मुद्रणयंत्र आणले, मुलांनी स्वतः लिहिलेला मजकूर मुलांकडूनच जुळवून छापून घेतला आणि ती पत्रे गावात व दूरच्या शाळांत पाठविली. वर्गाची वार्ता वर्गानेच लिहावी, ही कल्पना तेथे प्रथम व्यवस्थित आकाराला आली. आपल्याकडील शाळांतील भित्तिपत्रके व वार्षिक हस्तलिखिते यांच्याशी तिचे नाते जवळचे आहे. मात्र हस्तलिखित वर्षाकाठी एकदा निघते, सजते आणि कपाटात जाते, हा त्यातील उणा भाग होय.

कायदेशीर आधार : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम २४ अन्वये मातापिता व पालक यांच्या नियमित बैठका घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, अध्ययनातील प्रगती व अन्य संबद्ध माहिती त्यांना देणे, हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. म्हणजे पालकांना माहिती देणे ही शिक्षकाची मर्जी वा उत्साह राहिलेला नसून ते त्याचे विहित काम आहे. कलम २१ नुसार स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत व एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे बंधन आहे. खाजगी शाळांसाठी महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ ने पालक-शिक्षक संघ आवश्यक केला. परंतु त्याचा रोख नावाप्रमाणेच शुल्कावर आहे, वर्गात काय शिकविले जाते यावर नाही.

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती स्वीकारण्यात आली. तीत आकारिक व संकलित असे मूल्यमापनाचे दोन भाग असून, विद्यार्थ्याविषयी वर्णनात्मक नोंदी ठेवणे शिक्षकाकडून अपेक्षित आहे. ह्या नोंदी वर्गवृत्तासाठी आयते साधन आहेत. प्रत्यक्षात मात्र त्या बहुधा नोंदवहीतच राहतात व सत्राच्या अखेरीस एकत्रितपणे लिहिल्या जाण्याचा धोका असतो. ‘वर्गकार्यात सहभाग घेतो’, ‘स्वच्छतेची आवड आहे’ अशी ठरीव वाक्ये मग एकाच वहीत अनेक मुलांच्या नावांपुढे दिसतात. ज्या नोंदीतून पालकाला आपले मूल ओळखता येत नाही, ती नोंद त्याच्यापर्यंत पोहोचूनही उपयोगाची नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडताना ते घर व शाळा यांना जोडणारा महत्त्वाचा दुवा ठरावे व त्याच्या जोडीला पालक-शिक्षक भेटी व्हाव्यात, असे म्हटले आहे.

परिणामकारकता : पालकांना वारंवार माहिती दिल्याने मुलांच्या शिक्षणावर खरोखर परिणाम होतो काय, या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर अमेरिकेतील एका प्रयोगाने दिले. मॅथ्यू क्राफ्ट व टॉड रॉजर्स यांनी २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माध्यमिक शाळेत मागे पडलेल्या विद्यार्थ्यांच्या उन्हाळी वर्गात काही पालकांना शिक्षकाकडून आठवड्यातून एकदा, मुलाविषयी केवळ एका वाक्याचा निरोप पाठविण्यात आला. ज्यांच्या पालकांना निरोप गेले नाहीत, त्या विद्यार्थ्यांपैकी सु. १६% विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचे श्रेय मिळविता आले नाही. निरोप गेलेल्यांत हे प्रमाण सु. ९% पर्यंत खाली आले. यश मुख्यतः गळती कमी झाल्याने आले. कौतुकाच्या निरोपापेक्षा ‘काय सुधारता येईल’ हे सांगणारा निरोप अधिक उपयोगी ठरण्याकडे कल दिसला. हा प्रयोग लहान होता, मुले मोठ्या वयाची होती आणि पालकांना वाचता येत होते. त्यामुळे त्याचे आकडे मराठवाड्यातील तिसरीच्या वर्गाला जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. तरीही त्यातून दोन गोष्टी निघतात : वृत्त मोठे असण्याची गरज नाही, आणि त्यात करण्याजोगे काही असले पाहिजे.

मजकूर व रचना : चांगले वर्गवृत्त एका पोस्टकार्डाएवढ्या जागेत मावते. त्याचे दोन भाग पाडणे इष्ट असते. पहिला भाग सर्व वर्गासाठी समान असून त्यात आठवड्यातील मुख्य पाठ, पुढील आठवड्याचा अभ्यास, आणावयाचे साहित्य, सुट्टी किंवा कार्यक्रम यांचा निर्देश येतो. दुसरा भाग वैयक्तिक, म्हणजे त्या मुलाविषयीचे एखादे वाक्य असतो. दोन्हींची सरमिसळ केल्यास काय होते, हे पुढे गटसंदेशांच्या संदर्भात येईलच.

पहिल्या भागात पाठाचे केवळ नाव देणे पुरेसे नसते. ‘गणित – घटक ५ पूर्ण’ ही नोंद मुख्याध्यापकाला व अधिकाऱ्याला समजते, पालकाला नाही. त्याऐवजी ‘या आठवड्यात हातच्याची वजाबाकी शिकविली. बाजारातून वस्तू आणल्यावर पन्नास रुपयांतून किती परत आले, हे मुलाला विचारावे’ असे लिहिल्यास पाठ आणि व्यवहार यांची सांगड पडते. भाषेच्या बाबतीत, आजीने सांगितलेली एखादी गोष्ट मुलाने ऐकून शाळेत येऊन सांगावी, हे काम निरक्षर घरातही करता येते. परिसर अभ्यासाचे तर निम्मे साहित्य शेतातच असते. वसमत व हिंगोली भागात हळदीचे पीक मोठे आहे. हळद शिजवून वाळविण्याच्या दिवसांत पोत्यांवरील वजने वाचणे, ओल्या व वाळल्या हळदीच्या वजनांतील फरक काढणे, ही चौथी-पाचवीच्या मुलांना सहज करता येण्याजोगी उदाहरणे होत. गृहपाठ म्हणून पुस्तकातील प्रश्नांची उत्तरे पाच वेळा लिहावयास सांगण्यापेक्षा यात घराला अधिक स्थान आहे, कारण येथे जाणकार पालक असतो आणि विचारणारे मूल.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. शाळेच्या पत्रव्यवहारावर कार्यालयीन भाषेची छाप फार असते. ‘आपल्या पाल्यास नियमित शाळेत पाठविण्याची दक्षता घ्यावी, अन्यथा जबाबदारी आपली राहील’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात धमकी नसली, तरी वाचणाऱ्याला तसेच लागते. ‘पाल्य’ हा शब्दच घरात कोणी वापरत नाही. वृत्तात मुलाचे नाव घ्यावे, वाक्ये लहान ठेवावीत आणि बोलताना जे सांगितले असते, तेच लिहावे. मात्र पालकांना ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ असेच संबोधावे. खेड्यातील शिक्षक वयाने लहान व पालक थोर असताना ‘काका’, ‘मावशी’ असे संबोधून बोलण्याची जी रीत आहे, ती लेखनात आणण्यास हरकत नाही. सलगी व आदर यांचा तोल शिक्षकाला गावात राहून साधतो, परिपत्रकातून नव्हे.

विद्यार्थी हाही या वृत्ताचा वाचक आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. लहान मुलाच्या हाती बंद चिठ्ठी देऊन ‘घरी दे’ म्हणणे आणि त्याला चिठ्ठी वाचून दाखवून मग पाठविणे, यांत मोठे अंतर आहे. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला आठवड्याचा आढावा वर्गातच घेतला, ‘या आठवड्यात आपण काय शिकलो’ हे मुलांकडून फळ्यावर लिहून घेतले आणि त्यातील चार वाक्ये वहीत उतरवून घरी नेण्यास सांगितले, तर वृत्त लिहिण्याचे शिक्षकाचे श्रम वाचतात व मुलांची उजळणीही होते. फ्रेनेच्या मुद्रणयंत्राचे काम येथे फळा करतो. अशा वेळी मुलांची वाक्ये फार सुधारू नयेत. ‘आम्ही काटकोन शोधले, खिडकीत बारा सापडले’ या वाक्यातून शिक्षकाच्या नियोजनापेक्षा अधिक कळते.

हिंगोली जिल्ह्यातील परिस्थिती : वर्गवृत्ताची कल्पना शहरी, साक्षर व दुपारी घरी असणाऱ्या पालकाला समोर ठेवून घडलेली आहे. ती इतरत्र कशी बदलते, हे पाहण्यास मराठवाड्याच्या ईशान्येकडील हिंगोली जिल्हा उपयुक्त आहे. परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी हा जिल्हा वेगळा करण्यात आला. त्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत असे पाच तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती व तिच्यापैकी सु. ८५% लोक ग्रामीण भागात राहत होते. साक्षरतेचे प्रमाण सु. ७८% होते. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा बरेच कमी होते. शाळेतून आलेला कागद दिवसा घरी बहुधा आईच्या किंवा आजीच्या हाती पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या शेवटच्या वाक्याचे महत्त्व कळते.

या स्थितीला इतिहासाची बाजू आहे. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे वरच्या वर्गांचे शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून होई व उस्मानिया विद्यापीठाचे (स्थापना १९१८) माध्यमही उर्दूच होते. मराठी बोलणाऱ्या शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने शाळा ही भाषेनेही सरकारची होती. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्यावर प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या आणि वाड्यावस्त्यांपर्यंत पसरल्या. म्हणजे आज शाळेत असलेल्या मुलांचे आजोबा-आजी ही अनेक घरांतील शाळा पाहिलेली पहिली पिढी, किंवा न पाहिलेली शेवटची पिढी होय. शाळेचा कागद वाचावयाचा असतो आणि त्याला उत्तरही देता येते, ही सवय अशा घरात एका पिढीतच घडावी लागते.

भाषेचे वैविध्य हा दुसरा मुद्दा. जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवर घरची बोली गोरमाटी आहे. तिला स्वतःची प्रचलित लिपी नाही. शहरांत उर्दू बोलणारी वस्ती लक्षणीय आहे. कळमनुरी व औंढा नागनाथ तालुक्यांत आंध या आदिवासी जमातीची गावे आहेत. पहिलीत येणारे तांड्यावरील मूल मराठी नव्याने शिकत असते आणि त्याच्या आईला छापील मराठीपेक्षा बोललेले मराठी कितीतरी जवळचे असते. अशा ठिकाणी वृत्त पाठविण्यापूर्वी ते सांगावे लागते. तांड्यावरील वरच्या वर्गातील मुलीने चार घरी जाऊन ते गोरमाटीत सांगणे ही सोपी व बिनखर्चाची व्यवस्था आहे. तीत सांगणाऱ्या मुलीचेही शिक्षण होते.

तिसरी व सर्वांत बिकट अडचण स्थलांतराची आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारी कुटुंबे उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत परतत नाहीत. त्यांची मुले बरोबर गेली, तर त्यांची शाळा सुटते. मागे राहिली, तर आजी-आजोबांकडे किंवा शासनाच्या योजनेतून चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांच्या आधाराने राहतात. अशा मुलाच्या बाबतीत पालक म्हणजे नेमके कोण, हा वर्गशिक्षकापुढील पहिला प्रश्न असतो. घरी असलेल्या आजीला मूल जेवले की नाही हे कळते, पण अभ्यासाचे कळत नाही. फडावर असलेल्या आईबापांना दोन्ही कळत नाही. येथे आठवड्याचा निरोप हा केवळ शैक्षणिक राहत नाही. ‘तुमची मुलगी या आठवड्यात सहाही दिवस शाळेत होती, तिला सतराचा पाढा पाठ झाला’ एवढे वाक्य कोपीवर पोहोचले, तर मूल मागे ठेवण्याचा निर्णय टिकण्यास त्याची मदत होऊ शकते. उलट महिना-दीड महिना शाळेकडून काहीच कळले नाही, तर पुढच्या वर्षी मुलीला बरोबर नेण्याकडे घराचा कल होतो. लहान भावंड सांभाळण्यास तिचा तेथे उपयोग असतोच. शाळेच्या पटावरून नाव न कमी होताही शिक्षण सुटते, ते असे.

पिकांच्या हंगामाचा परिणाम याच जातीचा, परंतु थोड्या दिवसांचा असतो. सोयाबीनची काढणी व कापसाची वेचणी चालू असताना वरच्या वर्गांची उपस्थिती घटते. त्या आठवड्यांत ‘गैरहजर’ एवढाच शेरा पाठविण्यापेक्षा काय शिकविले गेले व ते भरून काढण्यास कोणते पान पाहावे, हे कळविणे अधिक फलदायी होय. वृत्ताचा वारही गावाच्या सोईने ठरवावा. ग्रामीण भागात आठवडा मोजला जातो तो एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत. आठवडी बाजाराच्या दिवशी पालक गावात किंवा वाटेवर भेटतात आणि वर्गशिक्षकाने तेथे उभ्या-उभ्या सांगितलेले चार शब्द सभेच्या इतिवृत्तात कोठेही येत नसले, तरी ते वृत्तच असते.

भ्रमणध्वनी व गटसंदेश : करोना महासाथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पालकांशी संपर्क ही शाळेची पूरक गोष्ट न राहता एकमेव गोष्ट बनली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ या नावाने दररोजची अभ्यासमाला सुरू केली व ती शिक्षकांच्या व पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरू लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘स्वाध्याय’ या उपक्रमात दर आठवड्याला प्रश्नांचा एक संच मुलांना मिळे. ‘गोष्टींचा शनिवार’ या उपक्रमातून आठवड्याला एक गोष्ट पोहोचविली जाई. पुढे २०२२ मध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारी अभियान राबविण्यात आले. त्यात गावोगाव मातांचे गट करण्यात आले आणि घरच्या वस्तू वापरून करावयाच्या कृती त्यांना कळविण्यात आल्या. साक्षर नसलेल्या आईलाही गटातील दुसरी आई कृती समजावून देई, हा या रचनेचा विशेष होता.

या काळात साधनांच्या मर्यादाही उघड झाल्या. २०२१ च्या ‘असर’ या देशव्यापी पाहणीत शाळेत नाव असलेल्या सु. दोन-तृतीयांश मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. परंतु त्यांपैकी सु. एक-चतुर्थांश मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. फोन घरात असणे आणि मुलाच्या हाती असणे या निराळ्या गोष्टी आहेत. दिवसभर तो वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर असतो, रात्री त्यातील विजेरी संपलेली असते व रिचार्ज संपले, तर महिनाभर गट मुका राहतो. शिवाय संदेशाखाली उमटणारी खूण तो उघडल्याची असते, समजल्याची नव्हे. लिखित मजकुराऐवजी शिक्षकाच्या आवाजातील अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश हा अशा घरांसाठी चांगला पर्याय होय, कारण तो निरक्षर आजीही ऐकू शकते आणि पुन्हा पुन्हा ऐकू शकते. तथापि ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, अशी पाच-सात घरे प्रत्येक वर्गात धरावीत आणि त्यांच्यासाठी कागदाची चिठ्ठी वा शेजारी ठरवून ठेवावा. बहुतेक वेळा ज्या मुलांसाठी वृत्ताची गरज सर्वाधिक, ती मुले याच घरांतील असतात.

गटसंदेशांचा एक दोष सामाजिक आहे. वर्गाच्या गटावर गुण, गैरहजेरी किंवा थकलेले शुल्क यांची नावनिशीवार यादी टाकली, की वृत्ताचे रूपांतर चावडीवरील वाचनात होते. लहान गावात त्याचे पडसाद जात, भाऊबंदकी व राजकारण यांतून उमटतात आणि मूल त्यात भरडले जाते. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक असून, तिच्याविषयीच्या माहितीला विशेष संरक्षण दिलेले आहे. कायदा नसता तरीही नियम साधा आहे : वर्गाचे ते गटावर, मुलाचे ते त्याच्या घरी. मुलांची छायाचित्रे टाकण्याबाबतही हाच विवेक हवा. काही गटांवर वर्षभर केवळ छायाचित्रेच येतात; झेंडावंदन, वृक्षारोपण, पाहुण्यांचा सत्कार. त्यातून शाळेचा उत्साह दिसतो, पण मूल काय शिकले ते दिसत नाही.

शिक्षकावरील भार : वर्गवृत्तावरील सर्वांत रास्त आक्षेप शिक्षकांकडून येतो. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा द्विशिक्षकी असून, एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. पाठाचे टाचण, हजेरीपत्रक, पोषण आहाराच्या नोंदी आणि विविध प्रणालींवर भरावयाची माहिती यांत आणखी एका कागदाची भर पडल्यास त्याचे काय होते, हे सांगण्यास अनुभवाची गरज नाही. आदेशाने सुरू झालेले वृत्त दोन महिन्यांत मागील आठवड्याची नक्कल होऊन बसते व तपासणीसाठी त्याची नस्ती तेवढी उरते. म्हणून वृत्त हे नव्या नोंदीचे काम नसावे. साप्ताहिक टाचणातील दोन ओळी व मुलांनी फळ्यावर लिहिलेली चार वाक्ये यांतूनच ते तयार व्हावे. वैयक्तिक वाक्ये सर्व मुलांसाठी दर आठवड्यास लिहिण्याचा आग्रहही नसावा. तीस मुलांच्या वर्गात दर आठवड्यास आठ मुले घेतली, तर महिन्यात वर्ग पूर्ण होतो आणि आठ वाक्ये मनापासून लिहिता येतात.

उत्तराची सोय : पालकाला उत्तर देता आले नाही, तर वर्गवृत्त लवकरच सूचनाफलक बनते. लेखी उत्तराची अपेक्षा ठेवणे ग्रामीण भागात व्यवहार्य नाही. मुलाने सोमवारी घरचा निरोप तोंडी आणावा, ही जुनी रीत उपयोगी पडते. ‘हा आठवडा काय शिकलास, ते घरी कोणाला सांगितलेस? ते काय म्हणाले?’ हा सोमवारच्या परिपाठानंतरचा प्रश्न म्हणजे वृत्ताची पोच होय. त्यातून शिक्षकाला कळणाऱ्या गोष्टी केवळ अभ्यासाच्या नसतात : कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचे वडील पुढील आठवड्यात फडावर निघणार आहेत, कोणत्या मुलीचे शाळेत येणे सातवीनंतर थांबविण्याचे घरी घाटत आहे. यांतील शेवटची गोष्ट कळली, की शिक्षकाने चिठ्ठी न पाठविता स्वतः त्या घरी जावे. दिवेलागणीनंतरची गृहभेट ही या बाबतीत लेखी वृत्ताहून श्रेष्ठ आहे; कारण त्या वेळी आई, वडील व आजी तिघेही ओसरीवर असतात, आणि मुलीला समोर बसवून बोलता येते.